फ्लॅटमधे गरम पाण्याची लाइन मॅनिफोल्डवर घ्यायची असेल तर: पहिल्यांदाच काम काढणाऱ्यांसाठी

बाथरूम फोडायचं ठरलंय, प्लंबर येऊन बघून गेलाय आणि म्हणतोय नेहमीसारखं सीपीव्हीसी, म्हणजे कडक प्लास्टिकचा पाइप, टाकून देतो, तर हो म्हणायच्या आधी हे वाचा. ठाण्यात काय नि नवी मुंबईत काय, सोसायटीत पाण्यावरून होणारी बरीचशी भांडणं एकाच गोष्टीने सुरू होतात, भिंतीत नाहीतर कोब्यात गाडलेला एखादा एल्बो (वळणाचा जोड) किंवा टी (फाट्याचा जोड) हळूहळू पाझरायला लागतो, वर राहणाऱ्याला काहीच दिसत नाही, खालच्याच्या सीलिंगला ओल येते, पोपडे निघतात, मग सेक्रेटरी, मग पत्रापत्री, मग नव्या टाइल्स फोडून शोधाशोध. पाइप सहसा गळत नाही, जॉइंट गळतो. म्हणून माझं म्हणणं एकच आहे, पाइप भिंतीतून अखंड न्यायचा आणि जॉइंट जिथे हात पोचेल तिथेच ठेवायचे. मॅनिफोल्ड त्यासाठीच असतो.

मॅनिफोल्ड म्हणजे नक्की काय

घरातला इलेक्ट्रिकचा डीबी, म्हणजे एमसीबीची पेटी, आठवा, एक मेन आत येतो आणि तिथून प्रत्येक सर्किटला आपापला एमसीबी. हेही तसंच. पितळेचं किंवा स्टेनलेस स्टीलचं पाऊण इंची नाहीतर एक इंची नळकांडं, त्यात एका बाजूने पाणी येतं, आणि ओळीने अर्ध्या इंचाची ४, ६ किंवा ८ तोंडं, प्रत्येक तोंडाला छोटा बॉल वॉल्व्ह. प्रत्येक तोंडातून निघालेला पाइप वाटेत कुठेही न तुटता एकाच नळाला जातो. गरम पाण्याचा एक मॅनिफोल्ड आणि थंडचा दुसरा. नेहमीच्या पद्धतीत एक जाड लाइन घरभर फिरते आणि तिला टी मारत मारत नळ काढतात, त्यामुळे कुणी फ्लश केला की शॉवरखाली उभ्या असलेल्या माणसाचं थंड पाणी कमी होऊन अंगावर एकदम कडक पाणी येतं. मॅनिफोल्डवर हा त्रास बराच कमी होतो. शिवाय किचनचा नळ बदलायचाय तर फक्त किचनचा वॉल्व्ह बंद करायचा, अख्ख्या घराचं पाणी तोडायची गरज नाही.

युरोपात घरं गरम ठेवायला रेडिएटर असतात, बॉयलरचं गरम पाणी मॅनिफोल्डमधून प्रत्येक रेडिएटरला जातं आणि थंड होऊन दुसऱ्या पाइपने परत येतं, म्हणजे तेच पाणी बंद चक्रात फिरत राहतं. तिकडच्या पेक्स, म्हणजे लवचिक प्लास्टिकच्या, पाइपवर ऑक्सिजन आत शिरू नये म्हणून एक खास थर देतात, कारण त्या चक्रात ऑक्सिजन मिसळत राहिला की लोखंडी रेडिएटर गंजतात. आपल्याला ठाण्यात रेडिएटरचं काही काम नाही, आणि नळाच्या पाण्यात ऑक्सिजन असतोच, त्यामुळे दुकानदार तो थरवाला पाइप जास्त चांगला म्हणून दाखवायला लागला तर जादा पैसे देऊ नका. पिण्याच्या पाण्याला चालतो असं पाइपवर छापलेलं आहे का ते मात्र नक्की बघा.

आधी आपली बिल्डिंग ओळखा

पाइप घ्यायला जायच्या आधी तीन गोष्टी तपासायच्या, भिंत, प्रेशर आणि पाणी.

भिंत कसली आहे ते सगळ्यात महत्त्वाचं. नौपाड्यातल्या किंवा वाशीतल्या जुन्या बिल्डिंगमधे विटांच्या भिंती असतात, त्यात झिरी मारून, म्हणजे लांब खाच पाडून, पाइप बसवता येतो. पण घोडबंदर रोडचे, खारघरचे बरेच नवे टॉवर मायव्हान पद्धतीचे आहेत, म्हणजे ॲल्युमिनियमच्या साच्यात ओतलेल्या आरसीसी भिंती, आणि त्या भिंतीच बिल्डिंगचा भार उचलतात. त्यात झिरी मारायची नाही, कॉलमला नाही, बीमलाही नाही, प्लंबर कितीही म्हणाला की अर्ध्या इंचाने काय होतंय. अशा घरात पाइप फॉल्स सीलिंगमधून आणायचा आणि नळापाशी खाली उतरवायला टाइलमागे जाडी वाढवून खोटी भिंत करायची. सोसायटीची लेखी परवानगी काम सुरू व्हायच्या आधी घ्या, आणि अर्जात पाण्याची लाइन बदलतोय हे स्पष्ट लिहा.

प्रेशरचं गणित सोपं आहे, टाकीपासून दर १० मीटर खाली साधारण १ बार, म्हणजे प्लंबर ज्याला १ किलो म्हणतो ते. पंचवीस मजली टॉवरमधे तिसऱ्या मजल्यावर नुसत्या उंचीने ६ किलोच्या पुढे प्रेशर येऊ शकतं, म्हणून बिल्डर डक्टमधे मधे मधे प्रेशर रिड्यूसिंग वॉल्व्ह, म्हणजे पीआरव्ही बसवतो, पण ते वर्षानुवर्षं कुणी बघत नाही. उलट अगदी वरच्या मजल्यावर टाकी डोक्यावरच तीन-चार मीटरवर असते, तिथे बूस्टर पंप नसेल तर अर्धा किलोसुद्धा मिळत नाही. म्हणून एक प्रेशर गेज आणा, वॉशिंग मशीनच्या नळाला लावा आणि सकाळी गर्दीच्या वेळी आणि दुपारी असं दोनदा बघा. ३ किलोच्या आसपास असेल तर उत्तम. ५ च्या वर असेल तर घरात स्वतःचा पीआरव्ही लागेल. १ च्या खाली असेल तर शॉवरचा पाइप एक साइज मोठा घ्या किंवा आधी पंपाचं बघा, कारण बारीक लांब पाइपात उरलंसुरलं प्रेशर खर्च होतं.

पाण्याबद्दल एवढंच की धरणाचं पाणी, म्हणजे नवी मुंबईत मोरबेचं वगैरे, तसं मऊ असतं. पण ज्या सोसायट्यांत बोअरवेल किंवा टँकर मिसळतात तिथे पाणी जड असतं, आणि जड पाणी तापलं की क्षार बसतो. तुमच्या बादलीवर, नळाच्या जाळीवर पांढरे डाग पडत असतील तर मॅनिफोल्डच्या आधी वाय स्ट्रेनर, म्हणजे लाइनमधली गाळणी, लावाच आणि गीझरची साफसफाई दरवर्षीची धरून चाला. स्ट्रेनरने क्षार थांबत नाही हे लक्षात असू द्या, तो रेती आणि गंज अडवतो.

गीझर किती लिटरचा

प्रत्येक बाथरूमला वेगळा गीझर असेल तर गरम पाण्याला मॅनिफोल्डचा फारसा फायदा नाही, थंडला मात्र आहेच. दोन बाथरूम आणि किचनला मिळून एकच मोठा गीझर ठेवायचा असेल तेव्हा खरी मजा. हिशोब असा: टाकीतलं पाणी ६० अंश, नळाचं थंड २५ अंश, आणि आंघोळीला ४० अंशाचं हवं, तर २० लिटरच्या बादलीत साधारण साडेआठ लिटर गरम पाणी जातं, बाकी थंड. शॉवर मिनिटाला ८ लिटर सोडत असेल आणि पाच मिनिटं चालला तर ४० लिटर झाले, त्यात १७ लिटर गरम. चार माणसं सकाळी लागोपाठ आंघोळ करणार असतील तर ५० लिटरचा गीझर घ्या. २ किलोवॅटचं एलिमेंट ५० लिटर पाणी २५ वरून ६० वर न्यायला तासभर घेतं, ३ किलोवॅटचं ४० मिनिटं. ३ किलोवॅट म्हणजे १३ अँपिअर करंट, त्यामुळे वेगळी ४ स्क्वेअर एमएमची वायर, वेगळा एमसीबी, अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच), यात कसलीही काटकसर नको.

गॅस गीझर लावणार असाल तर तो बाथरूमच्या आत कधीही नाही. बंद बाथरूममधे कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्याला वास नसतो, आणि माणूस आत बेशुद्ध पडतो. मॅनिफोल्डमुळे उलट सोय होते, गीझर मोकळ्या ड्राय बाल्कनीत टांगा, धुराडं बाहेर काढा आणि तिथून पाणी आत आणा.

पाइप कुठला

सीपीव्हीसी वाईट नाही, ८२ अंशांपर्यंत चालतो, आपल्याकडच्या प्रत्येक प्लंबरच्या हातातला आहे, आयएस १५७७८ चा शिक्का बघून घ्या म्हणजे झालं. पण तो कडक असतो, प्रत्येक वळणाला एल्बो लागतो, आणि प्रत्येक एल्बो म्हणजे सोल्व्हंटने चिकटवलेले दोन जॉइंट. गीझरपासून बाथरूमपर्यंत सहा वळणं असली की बारा जॉइंट भिंतीत गेले. मॅनिफोल्डचा मुद्दाच मग निघून जातो.

म्हणून गुंडाळीत मिळणारा पाइप घ्यायचा, पेक्स किंवा कॉम्पोझिट. पेक्स म्हणजे क्रॉसलिंक केलेलं पॉलिइथिलीन, लवचिक, ८२ अंशांना जवळपास ७ बार सहन करतो. कॉम्पोझिटमधे आत-बाहेर प्लास्टिक आणि मधे ॲल्युमिनियमचा पातळ थर असतो, वाकवला की वाकलेला राहतो, आणि गरम झाल्यावर फारसा लांबत नाही. लांबण्याचा फरक मोठा आहे: १० मीटर लाइन ३५ अंशांनी तापली तर पेक्स सहा सेंटिमीटरच्या आसपास वाढतो, सीपीव्हीसी दोन-सव्वादोन, कॉम्पोझिट एक सेंटिमीटरच्या आत. मला आपल्याकडच्या फ्लॅटसाठी कॉम्पोझिट जास्त पटतो, आणि त्याला आणखी एक कारण आहे, उंदीर. डक्टमधे आणि फॉल्स सीलिंगवर उंदीर फिरतात, ते पेक्स कुरतडतात. पेक्स घ्यायचाच असेल तर डक्टमधला तुकडा धातूच्या पाइपातून न्या. आणि यातला कुठलाही प्लास्टिकचा पाइप उन्हात उघडा ठेवायचा नाही, टेरेसवर आणि बाहेरच्या भिंतीवर झाकूनच.

साइज १६ एमएम, म्हणजे आतून १२. मोठा पाइप म्हणजे जास्त चांगलं असं बऱ्याच जणांना वाटतं, पण गरम पाण्यात ते उलटं पडतं. १२ एमएमच्या पोकळीत मीटरला ११० मिलिलिटरच्या थोडं वर पाणी बसतं, १० मीटरला सव्वा लिटरसुद्धा नाही, नळ मिनिटाला ६ लिटर सोडत असेल तर दहा-बारा सेकंदांत गरम पाणी हातावर येतं. तीच लाइन पाऊण इंची सीपीव्हीसीत केली तर अडीच लिटर थंड पाणी आधी वाहून जातं, रोज, प्रत्येक वेळी. पाणीकपातीच्या दिवसांत हे बघवत नाही. मोठ्या रेन शॉवरला किंवा कमी प्रेशरच्या घरात २० एमएम घ्या, बाकी सगळीकडे १६ पुरतो.

फिटिंग आणि पाइप एकाच कंपनीचे घ्या, एकाचा पाइप आणि दुसऱ्याचं फिटिंग असं करू नका, मापं जुळल्यासारखी वाटतात पण जाडीत फरक असतो. मुंबईत नागदेवी स्ट्रीटला किंवा आपल्याकडच्या मोठ्या सॅनिटरीवाल्याकडे जायच्या आधी पूर्ण यादी करून जा, कारण ही फिटिंग गल्लीतल्या हार्डवेअरच्या दुकानात मिळतीलच असं नाही, म्हणून दोन-चार जास्तीची आणून ठेवा.

मॅनिफोल्डची जागा

गीझरच्या जितकं जवळ तितकं चांगलं, आणि नळांच्या मधोमध. ड्राय बाल्कनी, पॅसेजमधला माळा, बाथरूमच्या बाहेरचं कपाट, काहीही चालेल, फक्त स्टुलावर उभं राहून दोन्ही हात पोचले पाहिजेत आणि दार उघडता आलं पाहिजे. कायमचं बंद केलेल्या फॉल्स सीलिंगच्या आत मॅनिफोल्ड ठेवणारे लोक आहेत, इंटिरिअरवाला म्हणतो दिसायला नको म्हणून. असं कधीही करू देऊ नका. खाली एक उथळ ट्रे आणि त्याचा निचरा फ्लोअर ट्रॅपला (जमिनीतल्या जाळीच्या मोरीला), म्हणजे एखादा नट सैल झाला तरी थेंब दिसतील आणि वाहून जातील.

क्रम असा ठेवा: बाहेरून येणारी मेन लाइन, बॉल वॉल्व्ह, स्ट्रेनर, लागत असेल तर पीआरव्ही, मग प्रेशर गेज, आणि त्यानंतर दोन फाटे, एक थंड मॅनिफोल्डला आणि एक गीझरला. पीआरव्ही फाट्याच्या आधीच हवा. तो फक्त थंडवर लावला तर गरमचं प्रेशर जास्त राहतं आणि मिक्सर नीट चालत नाही.

तुमच्या बिल्डिंगला टेरेसवरच्या सोलरची लाइन असेल तर इथे जास्त लक्ष द्या. सोलरची टाकी वेगळी, तिचं प्रेशर वेगळं, त्यामुळे मिक्सरमधून एकाचं पाणी दुसऱ्यात घुसतं. सोलरच्या लाइनला घरात शिरतानाच नॉन रिटर्न वॉल्व्ह, म्हणजे पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा वॉल्व्ह, लावा. आणि मे महिन्यात कुणी पाणी न वापरल्यावर सोलरचं पाणी ८० अंशांच्या वर जाऊ शकतं, म्हणून मॅनिफोल्डच्या आधी थर्मोस्टॅटिक मिक्सिंग वॉल्व्ह (गरमात थंड मिसळून ठरलेलं तापमान देणारा) बसवा, त्याने पाइपही वाचतो आणि लहान मुलांचे हातही.

पाइप टाकताना

भिंतीवर खडूने सगळ्या लाइन आखा आणि मगच गुंडाळी उघडा. पाइप हॅक्सॉने कापायचा नाही, कटरने काटकोनात कापायचा, कॉम्पोझिट असेल तर तोंड रीमरने गोल करून घ्यायचं, नाहीतर आतल्या रबर रिंगला चरा पडतो आणि गळती तिथूनच सुरू होते. पेक्सचं वळण पाइपाच्या व्यासाच्या ८ पट त्रिज्येपेक्षा लहान नको, १६ एमएमला साधारण १३ सेंटिमीटर. कॉम्पोझिट स्प्रिंग घालून थोडा जास्त वाकतो. पाइप चिमटला, त्यावर पांढरी घडी दिसली, तर तो तुकडा सरळ काढून टाका, जोडत बसू नका.

प्रत्येक पाइप गुळगुळीत किंवा नालीदार कंड्युटमधून, म्हणजे बाहेरच्या मोठ्या नळीतून, न्या. थोडा खर्च वाढतो पण दोन फायदे होतात, पाइपाला लांबायला-आखडायला जागा मिळते, आणि वळणं मोठी ठेवली असतील तर पुढे कधी पाइप ओढून नवा घालता येतो. उघड्या लाइनला ८० सेंटिमीटरवर क्लिप, आणि पेक्स असेल तर ताणून बसवू नका, थोडी ढील ठेवा. गरमच्या लाइनला ९ एमएमचं नायट्राइल फोम चढवा. संकनमधून, म्हणजे बाथरूमच्या खाली दाबलेल्या स्लॅबमधून, न्यायचं टाळा, तिथलं वॉटरप्रूफिंग एकदा फोडलं की परत तसं होत नाही.

नळाकडच्या टोकाला वॉल प्लेट एल्बो, म्हणजे भिंतीला स्क्रूने बसणारा एल्बो, येतो, हा एकच जॉइंट भिंतीत राहतो, आणि तोही नळाच्या बरोबर मागे, म्हणजे वेळ आलीच तर एका टाइलवर निभावतं. मिक्सरसाठी दोन पॉइंटचं अंतर मध्यापासून मध्यापर्यंत १५० एमएम, डावीकडे गरम, उजवीकडे थंड. दोन्ही एल्बो एकाच पट्टीवर स्क्रूने घट्ट करा आणि स्पिरिट लेव्हल लावा. एल्बोचं तोंड तयार टाइलच्या पातळीला यायला हवं, त्यामुळे टाइल आणि खालच्या मसाल्याची जाडी आधी टाइलवाल्याला विचारून घ्या. आटे असतील तिथे टेफ्लॉन टेप, सफेदा आणि सुतळी प्लास्टिकच्या फिटिंगला लावायची नाही.

प्रेस करायची फिटिंग घेतली तर मशीन लागतं, ते भाड्याने किंवा प्लंबरकडून मिळतं. पाइप पूर्ण आत गेलाय का ते फिटिंगच्या खिडकीतून बघून मगच दाबा. मॅनिफोल्डच्या बाजूला मात्र नटवाली कॉम्प्रेशन फिटिंग ठेवा, ती पान्याने उघडता येतात.

टेस्ट, आणि इथे घाई नको

टाइल लावणारा दारात उभा असला तरी टेस्ट झाल्याशिवाय भिंत बंद करू देऊ नका. सगळ्या टोकांना प्लग लावा, लाइन पाण्याने भरा, हवा पूर्ण काढा, गीझर जोडलेला नको. हँडपंपाने रोजच्या प्रेशरच्या दीडपट चढवा, ५ किलो येत असेल तर साडेसात. पेक्स सुरुवातीला थोडा फुगतो म्हणून काटा जरा उतरतो, तेव्हा घाबरू नका, परत पंप मारा, अर्ध्या तासाने पुन्हा. त्यानंतर रात्रभर ठेवा. सकाळी काटा तिथेच आणि प्रत्येक जॉइंटला टिश्यू पेपर लावून कोरडा निघाला, तर ठीक. हवेने टेस्ट करू नका, दाबलेली हवा फिटिंग उडवते.

मग प्रत्येक भिंतीचे फोटो काढा, टेप भिंतीवर धरून, म्हणजे पाइप कोपऱ्यापासून किती इंचावर आहे ते दिसेल. पुढे कधी टॉवेल रॉड बसवायला ड्रिल घेतलं की हे फोटो लागतात. प्लास्टर करतानाही लाइनमधे प्रेशर असू द्या, चुकून खिळा लागला तर तेव्हाच कळतं.

गीझर जोडताना

नळ बसवायच्या आधी प्रत्येक लाइन एकेक करून धुवून घ्या, आतली माती आणि कचरा मिक्सरच्या काडतुसात जायला नको. गीझरच्या तोंडाला प्लास्टिक थेट जोडायचं नाही, साधारण दीड फुटाचा धातूचा तुकडा किंवा स्टेनलेसचा फ्लेक्सिबल पाइप मधे ठेवायचा, कारण थर्मोस्टॅट बिघडला तर पहिला मार तिथेच बसतो.

गीझरसोबत येणारा सेफ्टी व्हॉल्व्ह बाजूला ठेवून साधा नॉन रिटर्न लावणारे प्लंबर भेटतील. ऐकू नका. पाणी २५ वरून ६० अंशांवर गेलं की जवळपास दीड टक्क्याने वाढतं, ५० लिटरच्या टाकीत ते ७०० मिलिलिटरच्या आसपास होतं, आणि मागे नॉन रिटर्न असेल तर त्याला जायला जागा नसते. सेफ्टी व्हॉल्व्हमधून तापताना जे थेंब पडतात ते हेच पाणी, तो बिघाड नाही. त्याच्या तोंडाला बारीक पाइप लावून फ्लोअर ट्रॅपमधे सोडा आणि त्या वाटेत कुठलाही कॉक लावू नका.

आधी गीझर पाण्याने भरा, सगळ्यात लांबचा गरम नळ उघडून हवा जाऊन सलग धार येऊ द्या, त्यानंतरच स्विच. थर्मोस्टॅट ६० वर ठेवा. कायम ४०-४५ ला कोमट ठेवलेल्या टाकीत लेजिओनेलासारखे जिवाणू वाढतात, ६० ला ते तग धरत नाहीत. पण ६० अंशाचं पाणी काही सेकंदांत भाजतं, म्हणून घरात लहान मूल किंवा आजी-आजोबा असतील तर बाथरूमच्या लाइनला मिक्सिंग वॉल्व्ह लावून नळावर ४५ च्या आत ठेवा.

शेवटी मॅनिफोल्डच्या प्रत्येक वॉल्व्हवर लेबल लावा, मराठीत, घरातल्या सगळ्यांना वाचता येईल असं: किचन, मोठं बाथरूम शॉवर, वॉशिंग मशीन. आणि घरी कामाला येणाऱ्या ताईंपासून शाळकरी मुलांपर्यंत सगळ्यांना मेन वॉल्व्ह एकदा स्वतःच्या हाताने बंद करून उघडायला लावा. महिन्या-दोन महिन्यांनी सगळे वॉल्व्ह एकदा फिरवायचे, म्हणजे क्षाराने जाम होत नाहीत. स्ट्रेनरची जाळी पावसाळा संपल्यावर धुवायची, आणि पाणी जड असेल तर गीझरचा मॅग्नेशियम रॉड (टाकी गंजू नये म्हणून स्वतः झिजणारा) वर्षातून एकदा काढून बघायचा, बराचसा झिजला असेल तर बदलायचा.